स्तंभालेख आणि शून्याची जागा

आपल्या चळवळीने आकडा हे हत्यार फार पूर्वीच हाती घेतले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी शिक्षणखात्याचेच वर्गीकरण घेतले आणि इलाख्यातील चार वर्गांची तुलना सभागृहापुढे ठेवली. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. तळ्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण आठ दिवस आधीचे ते आकडे आपल्यापैकी किती जणांच्या वहीत आहेत? त्या आकड्यांचा आलेख आज काढायचा तर तो कसा काढावा, आणि तो काढताना संगणक आपल्याला न विचारता कोणकोणते निर्णय घेऊन टाकतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. साहित्य आणि विचाराच्या त्रैमासिकात छपाईच्या तंत्राची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि माझ्यापुढे बसणाऱ्या मुलामुलींपैकी पुष्कळजण त्याच वाटेवरचे आहेत. ही मुले वस्तीची पाहणी करतात, वसतिगृहातील जागा मोजतात, शिष्यवृत्तीचे अर्ज किती आले आणि किती मंजूर झाले याच्या नोंदी उतरून आणतात. उन्हातान्हात हिंडून आणलेला हा आकडा अहवालाच्या शेवटच्या पानांवर येतो तेव्हा मात्र संगणकाने काढून दिलेला रंगीत आलेख जसाच्या तसा चिकटवला जातो. अक्ष कोठून सुरू झाला, असे विचारले तर उत्तर येते, "सर, ते आपोआप आलंय." या 'आपोआप'ची उलटतपासणी करणे मला आवश्यक वाटते. आपोआप असे काही नसते. तो निर्णय कोणीतरी, कोठेतरी, वेगळ्याच आकड्यांसाठी घेऊन ठेवलेला असतो.

एक

प्रथम आकडे पाहू. शिक्षणखात्याने इलाख्याच्या लोकसंख्येचे चार वर्ग केले होते: पुढारलेले हिंदू, मराठे व तत्सम जातींचा मध्यम वर्ग, अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि तथाकथित गुन्हेगार जमाती यांना एकत्र करून केलेला मागास वर्ग, आणि मुसलमान. बाबासाहेबांनी मांडलेले प्रमाण असे होते.

प्राथमिक शिक्षण, दर हजार लोकसंख्येमागे विद्यार्थी: पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मध्यम वर्ग ३८, मागास वर्ग १८.

माध्यमिक शिक्षण, दर लाखामागे: पुढारलेले हिंदू ३,०००, मुसलमान ५००, मध्यम वर्ग १४०, मागास वर्ग १४.

महाविद्यालयीन शिक्षण, दर दोन लाखांमागे: पुढारलेले हिंदू १,०००, मुसलमान ५२, मध्यम वर्ग १४, मागास वर्ग शून्य, असलाच तर एखादा.

येथेच पहिली अडचण उभी राहते. तीन ओळींना तीन मापे आहेत: हजार, लाख आणि दोन लाख. हे आकडे आहेत तसे संगणकात भरले तर मागास वर्गाचे प्राथमिकचे १८ आणि माध्यमिकचे १४ शेजारीशेजारी, जवळजवळ एकाच उंचीचे दिसतील. पाहणाऱ्याला वाटेल की प्राथमिक शाळेत गेलेली बहुतेक मुले माध्यमिक शाळेतही पोचली. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. म्हणून आलेख काढण्यापूर्वी सर्व आकडे एकाच मापावर, समजा दर लाखावर, आणले पाहिजेत. मग प्राथमिकचे आकडे होतात ११,९००, ९,२००, ३,८०० आणि १,८००. माध्यमिकचे आहेत तसेच राहतात. महाविद्यालयाचे होतात ५००, २६, ७ आणि शून्य.

आता चित्र स्पष्ट होते. प्राथमिक पायरीवर पुढारलेला वर्ग मागास वर्गाच्या साडेसहापट आहे, माध्यमिक पायरीवर दोनशे चौदा पट. महाविद्यालयाच्या पायरीवर पट काढताच येत नाही, कारण शून्याने भाग जात नाही. हा भागाकार करणे आपले काम आहे. आलेख काढणारी आज्ञावली माप विचारत नाही. जे भरू तेच ती काढते.

दोन

अहवाल जुळवण्याच्या साधनाबद्दल थोडे सांगतो. अमेरिकेतील गणिती डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून इतका विषाद वाटला की त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःचीच संगणकी पद्धत रचायला घेतली. तिचे नाव टेक. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लाटेक ही सोपी पद्धत उभारली. या पद्धतीत टिल टांटाऊ यांच्या पीजीएफ व टिक्झ या आज्ञासंचांनी आकृती काढता येऊ लागल्या, आणि ख्रिस्तियान फॉयरझेंगर यांच्या पीजीएफप्लॉट्स या संचाने आलेख. हे सारे फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते.

आपल्याला त्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. पहिले, यात चित्र चिकटवावे लागत नाही. आकडे एका साध्या फाइलीत तक्त्यासारखे राहतात आणि आलेख कसा काढायचा याच्या सूचना शब्दांत लिहिलेल्या असतात. त्यामुळे आपला आलेख कोणालाही उघडून तपासता येतो. आपल्या आकड्यांवर अविश्वास दाखवणे ही जुनी रीत आहे. तिला उत्तर म्हणून तक्ता आणि सूचना दोन्ही पुढे ठेवता येतात. दुसरे, बाबासाहेबांना आपले म्हणणे छापण्यासाठी स्वतःचा छापखाना उभा करावा लागला होता. आज जुळणीचे साधन विनामूल्य हाताशी आहे. ते शिकून घेण्याचे तेवढे उरले आहे.

मराठीसाठी एक सूचना. लाटेकच्या जुन्या यंत्राऐवजी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरावे. टाइप युनिकोड असावा. मुंबईच्या आयआयटीने तयार केलेला शोभिका किंवा नोटोचा देवनागरी टाइप चांगला आहे. टाइप निवडताना लिपी देवनागरी असल्याचे स्पष्ट लिहावे, आणि लुआलाटेकमध्ये हार्फबझ हा रेंडरर सांगावा. नाही तर वेलांट्या भलत्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरे फुटतात. 'शिष्यवृत्ती' हा शब्दच मोडून छापला गेला तर पुढचा आलेख कोण वाचणार?

तीन

स्तंभालेखाचा नियम आपण शाळेतच शिकलो आहोत: आकड्याच्या प्रमाणात स्तंभाची उंची. हा नियम पाळायचा तर स्तंभ शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे. पीजीएफप्लॉट्समध्ये 'वायबार' असे लिहिले की उभे स्तंभ येतात, पण अक्ष शून्यापासून सुरू होईलच याची हमी नसते. आज्ञावली भरलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहते आणि त्यांच्या आसपास अक्षाची हद्द ठरवते. म्हणजे सर्वांत लहान स्तंभाचे पाय कापले जातात. आपल्या आकडेवारीत सर्वांत लहान स्तंभ बहुधा कोणाचा असतो, हे सांगायला नको.

समजा, प्राथमिकचे दर हजारी आकडे घेतले आणि अक्ष दहापासून सुरू झाला. मग पुढारलेल्या वर्गाचा स्तंभ १०९ उंचीचा दिसेल आणि मागास वर्गाचा ८ उंचीचा. खरे अंतर साडेसहा पटीचे असताना डोळ्याला ते साडेतेरा पटीहून अधिक दिसेल. येथे कोणी कार्यकर्ता म्हणेल, "दिसू द्या की! अन्याय मोठा दिसला तर आपलं काय बिघडलं?" मला हे पटत नाही. आपल्या बाजूने वाकवलेला आलेख एखाद्या सभेत टाळ्या मिळवील; पण समोर बसलेला एखादा जाणकार अक्षावर बोट ठेवील आणि त्या एका बोटाबरोबर आपले सगळे खरे आकडेही खोटे ठरतील. साडेसहा पट हा आकडा पुरेसा भयंकर आहे. त्याला मदतीची गरज नाही.

उपाय एका ओळीचा आहे. 'वायमिन' शून्य करावा. मात्र 'एन्लार्ज लिमिट्स' ही सूचना सरसकट दिलेली असेल तर ती शून्याच्याही खाली जागा सोडते आणि स्तंभ अधांतरी दिसतात. म्हणून ती फक्त आडव्या अक्षाला द्यावी, म्हणजे कडेचे स्तंभ चौकटीबाहेर येणार नाहीत. उभ्या अक्षाला वरच्या बाजूलाच थोडी जागा सोडावी. तेथे आकडे छापायचे असतात.

आणखी एक खोड सांगतो. आकडे दहा हजारांच्या पुढे गेले की आज्ञावली अक्षावर ०.२, ०.४ असे लहान आकडे छापते आणि कोपऱ्यात 'गुणिले दहाचा चौथा घात' अशी खूण टाकते. शास्त्रज्ञाला ते सोयीचे असेल. तालुक्याच्या बैठकीत अहवाल वाचणाऱ्याला प्राथमिक शिक्षणाचे प्रमाण एकाच्या खाली आहे असे वाटेल. 'स्केल्ड वाय टिक्स' बंद करावे, म्हणजे २,०००, ४,००० असे पूर्ण आकडे येतात.

चार

आता स्तंभांचा क्रम. सरकारी अहवालाचा क्रम आपण नकळत स्वीकारतो: पुढारलेले पहिले, मागास शेवटचे. आलेख मग डावीकडून उजवीकडे उतरणारा जिना होतो आणि तो जिना निसर्गतःच तसा असावा असे वाटू लागते. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात नेमके हेच उलगडून दाखवले होते. लोकसंख्येचा क्रम लावला तर मध्यम वर्ग पहिला, मागास वर्ग दुसरा, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू चौथे. शिक्षणाचा क्रम लावला तर पुढारलेले पहिले, मुसलमान दुसरे, मध्यम वर्ग तिसरा आणि मागास वर्ग चौथा. त्यांच्या युक्तिवादाचा कणा हाच होता: संख्येने जो दुसरा, तो शाळेत शेवटचा.

पीजीएफप्लॉट्समध्ये 'सिम्बॉलिक एक्स कोऑर्ड्स' या सूचनेत वर्गांची नावे ज्या क्रमाने लिहावीत त्याच क्रमाने स्तंभ उभे राहतात. तेथे लोकसंख्येचा क्रम लिहिला की प्राथमिकचे स्तंभ ३,८००, १,८००, ९,२००, ११,९०० असे येतात. आकडे तेच आहेत, पण हा आलेख जिन्यासारखा उतरत नाही. सर्वांत मोठे समूह सर्वांत ठेंगण्या स्तंभांत कोंबलेले आहेत, हे पाहणाऱ्याला प्रथम दिसते.

मराठी नावे लांब असतात. उभ्या स्तंभांखाली ती मावत नाहीत आणि एकमेकांवर चढतात. मग विद्यार्थी ती तिरकी करतात किंवा 'मा. व.', 'म. व.' अशी संक्षिप्त रूपे करतात. समाजाचे नाव संक्षिप्त करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा 'एक्सबार' लिहून स्तंभ आडवे करावेत. डावीकडे पूर्ण नाव सरळ छापता येते. आडव्या स्तंभांत आपण पहिले लिहिलेले नाव तळाशी जाते. ते वर हवे असेल तर 'वाय डिर' या सूचनेपुढे 'रिव्हर्स' लिहावे.

रंगांबद्दलही विचार करावा. मूळ ठेवणीत निळा, लाल, तपकिरी असे रंग येतात. आपला स्तंभ निळा करण्याचा मोह मी समजू शकतो. पण आपले अहवाल झेरॉक्स होऊन फिरतात, आणि झेरॉक्समध्ये निळा, लाल आणि तपकिरी एकाच मळकट करड्यात बुडून जातात. त्यापेक्षा एक स्तंभ पूर्ण काळा, एक पांढरा, एक तिरप्या रेघांचा, एक ठिपक्यांचा असे करावे. 'पॅटर्न्स' नावाचा संच त्यासाठीच आहे. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी हे स्तंभ ओळखू येतात.

पाच

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो. फार लहान स्तंभ कसा काढावा?

बाराही आकडे एकाच आलेखात बसवून पाहू. ११,९०० साठी बारा सेंटिमीटर उंची दिली तर मागास वर्गाच्या माध्यमिकच्या १४ साठी किती उंची येते? सुमारे ०.१४ मिलिमीटर. टिक्झ स्तंभाभोवती जी नेहमीची बारीक चौकट काढते तिची रेघही जवळजवळ तेवढ्याच जाडीची असते, ०.१४ मिलिमीटर. म्हणजे कागदावर जे दिसते ती चौकटीची रेघ असते. स्तंभ तिच्यात बुडालेला असतो. आणि शून्याच्या स्तंभालाही चौकट असली तर तेथेही तशीच रेघ उमटते. दर लाखाला चौदा मुले आणि एकही मूल नाही, यांत कागदावर फरक उरत नाही! लहान आकड्यांचा आलेख काढताना चौकट बंद करून, 'ड्रॉ' पुढे 'नन' लिहून, स्तंभ नुसता भरावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठी.

पण एवढ्याने भागत नाही. तीन पायऱ्यांचे तीन वेगळे आलेख करावे लागतात, 'ग्रुपप्लॉट्स'मध्ये शेजारीशेजारी. माध्यमिकच्या स्वतंत्र आलेखात ३,००० ला बारा सेंटिमीटर दिले की १४ चा स्तंभ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड होतो. तो दिसतो. मात्र तिन्ही आलेखांत सर्वांत उंच स्तंभ सारखाच दिसू लागतो, म्हणून प्रत्येकाचे प्रमाण निराळे आहे हे त्या त्या आलेखाखाली ठळक लिहिले पाहिजे.

यावर एक सोपा म्हणून सुचवला जाणारा मार्ग आहे: लॉग प्रमाण. 'वायमोड' पुढे 'लॉग' लिहिले की दहा, शंभर, हजार, दहा हजार हे टप्पे समान अंतरावर येतात आणि लहान स्तंभ ठळक दिसू लागतात. रोगजंतूंची वाढ किंवा भूकंपाची तीव्रता मोजताना हे प्रमाण उपयोगी आहे. आपल्या आकड्यांत ते काय करते? एकपासून उंची मोजली तर ३,००० चा स्तंभ साधारण साडेतीन घरे उंच होतो आणि १४ चा सव्वा घराच्या जरा खाली राहतो. दोनशे चौदा पटीचे अंतर डोळ्याला तीन पटीचे दिसते. दरी बुजवण्याचा इतका स्वस्त उपाय कोणत्याही सरकारला सुचला नसेल. आणि शून्याचे तर आणखी वाईट होते. शून्याचा लॉगरिथम निघत नाही. आज्ञावली तो बिंदू गाळून टाकते आणि नोंदीच्या फाइलीत एक ओळ लिहून पुढे जाते. ती फाइल कोण वाचतो? स्तंभांची उंची तुलनेसाठी दाखवायची असेल तेथे लॉग प्रमाण वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग लांब स्तंभ पानात मावत नसेल तर काय करावे? या प्रश्नाला एक सुंदर उत्तर १९०० साली मिळालेले आहे. ज्यांच्या लढ्यातून १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले त्या अमेरिकेतील काळ्या समाजाचे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांनी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी आपल्या समाजाच्या स्थितीचे तक्ते तयार केले. अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, शाईने आणि रंगांनी, हाताने काढलेले ते तक्ते होते. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती. त्यांतील एका तक्त्यात शहरांत आणि खेड्यांत राहणाऱ्या काळ्या लोकांची तुलना आहे. खेड्यातल्या लोकसंख्येचा पट्टा इतका लांब होता की तो कागदावर मावेना. ड्युबॉईस यांनी त्यासाठी इतरांचे प्रमाण बदलले नाही आणि पट्टा मध्येच तोडलाही नाही. त्यांनी तो लाल पट्टा सर्पिलासारखा गुंडाळला. आकडा मोठा आहे तर तो कागदाला पुरून उरला पाहिजे, त्याने पाहणाऱ्याला अडवले पाहिजे.

आपल्याला सर्पिलच काढायला हवे असे नाही. पानाची दिशा आडवी करता येते. स्तंभ दोन पानांवर पसरवता येतो. अक्षावर नागमोडी खूण करून मधला भाग गाळण्याची जी पद्धत आहे ती मात्र स्तंभालेखात टाळावी, कारण गाळलेला भाग नेहमी उंच स्तंभाचा असतो आणि ती कात्री विषमतेलाच लागते.

सहा

शेवटी शून्य. महाविद्यालयाच्या आलेखात मागास वर्गापुढे काय काढायचे? स्तंभ तर नाही. पुष्कळ विद्यार्थी तक्त्यातून ती ओळच काढून टाकतात. जे नाही ते कशाला दाखवायचे, असे त्यांना वाटते. पीजीएफप्लॉट्समध्ये 'एक्सटिक' पुढे 'डेटा' लिहिण्याची रूढी आहे. तिचा अर्थ असा की ज्याचा आकडा भरला आहे त्याच्याच खाली नाव छापले जाईल. ओळ गाळली की नावही गेले. आलेखात तीनच वर्ग उरतात आणि इलाख्यात चौथा वर्ग होता हे पाहणाऱ्याला कळतही नाही. कॉलेजात नव्हते म्हणून कागदावरही नाहीत, अशी ही दुहेरी हकालपट्टी आहे.

म्हणून शून्य भरावे. नाव लिहावे आणि त्याच्यापुढे ० असा आकडा तक्त्यात ठेवावा. मग त्याची जागा इतरांइतकीच रुंद, रिकामी राहते. 'नोड्स निअर कोऑर्ड्स' या सूचनेने प्रत्येक स्तंभाच्या टोकाशी त्याचा आकडा छापता येतो. आकड्याऐवजी शब्द छापायचे असतील तर 'पॉइंट मेटा' पुढे 'एक्सप्लिसिट सिम्बॉलिक' लिहून तक्त्यात एक जादा रकाना करावा. त्या रकान्यात मागास वर्गापुढे "शून्य, असलाच तर एखादा" असे लिहिता येते. रिकाम्या जागेवर छापलेले हे शब्द कोणत्याही रंगीत स्तंभाइतकेच स्पष्ट बोलतात, आणि बाबासाहेबांच्या विधानाशीही प्रामाणिक राहतात. त्यांनी नुसते शून्य म्हटले नव्हते. एखादा असेल ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली होती. त्या एखाद्यालाही आपण पुसू नये.

सात

आता आमच्या कोल्हापूरचे उदाहरण घेतो, कारण आलेख नीट काढला तरी प्रश्न संपत नाही हे त्यावरून कळते. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १९१२ पर्यंत जागा ९५ झाल्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले. याचा विभाजित स्तंभालेख काढला तर पहिल्या स्तंभात ६० आणि ११ असे दोन भाग येतात, दुसऱ्यात ३५ आणि ६०. एकूण जागाच वाढल्यामुळे दुसरा स्तंभ उंच होतो. नुसते प्रमाण पाहायचे तर शतमान स्तंभालेख काढावा: ब्राह्मण अधिकाऱ्यांचा भाग सुमारे ८५ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर येतो. पहिला आलेख सांगतो की नव्या जागा निर्माण झाल्या. दुसरा सांगतो की सत्तेची वाटणी बदलली. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही शेजारी छापावेत.

येथे आणखी एक मोह होतो. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, म्हणून शतमान आलेखात पन्नास टक्क्यांवर एक आडवी रेघ काढावी असे वाटते. 'एक्स्ट्रा वाय टिक्स' या सूचनेने ती सहज काढता येते. पण ती काढू नये. राखीव जागा होत्या त्या पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या. आलेखात आहेत त्या एकूण जागा. शिवाय जाहीरनाम्यात मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे, अशी व्याख्या होती. आलेखातील भाग मात्र ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर असे आहेत. दोन निरनिराळ्या गोष्टी एका रेघेने जोडल्या तर आलेख देखणा होईल, पण विधान चुकेल.

आणि आपला मूळ प्रश्न तर याहून खोल आहे. १९१२ च्या त्या ६० ब्राह्मणेतर अधिकाऱ्यांत अस्पृश्य किती? आलेखात त्यांचा वेगळा तुकडा नाही. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, महार, मांग, चांभार सगळे एका छायेखाली आले. १९२७ च्या 'मागास वर्ग' या नावाखालीही अस्पृश्य आणि आदिवासी असेच एकत्र होते. वायमिन शून्य केला, क्रम बदलला, चौकट काढली, तरी वर्गाचे नाव ज्याने दिले त्याच्याच व्याख्येत आपण आलेख काढत असतो. संगणकाची कोणतीही सूचना हे दुरुस्त करू शकत नाही. ती दुरुस्ती तक्ता भरतानाच, म्हणजे पाहणीच्या अर्जावर रकाने आखतानाच करावी लागते. 'इतर' नावाचा रकाना जितका मोठा, तितकी ती पाहणी आंधळी.

ही चर्चा आजच करण्याचे कारण आहे. देशात सर्व जातींची नोंद प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना १९३१ ची. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातवार नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरवला गेला. हे आकडे बाहेर येतील तेव्हा त्यांचे आलेख शेकडो ठिकाणी काढले जातील. कोणी अक्ष कापतील, कोणी लॉग प्रमाण लावतील, कोणी लहान जातींना 'इतर'मध्ये ढकलतील. आपल्या तालुक्याचा आलेख आपण काढलेला असला तरच त्यांना उत्तर देता येईल.

त्यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन विद्यार्थ्यांनी आणि एखाद्या शिक्षकाने एवढे तंत्र शिकून घ्यावे. सुरुवातीला जनगणनेची वाट पाहू नये. आपल्या महाविद्यालयात गेल्या पाच वर्षांत कोणत्या जातीच्या किती मुली पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचल्या, एवढा एकच तक्ता भरावा. ज्या जातीची एकही मुलगी नसेल तिचे नाव पूर्ण लिहावे आणि पुढे ० भरावे. आलेखासोबत तक्ता आणि सूचनांची फाइलही जोडावी, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या मुलांना नुसते आकडे बदलून आपला आलेख काढता येईल.